जीटीओ ग्राउंडवरचं फिजिक्स: बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या पोरापोरींचे नेहमीचे प्रश्न

आपल्या पट्ट्यातली पोरं एनडीए, सीडीएस या लष्करात ऑफिसर व्हायच्या परीक्षांचा लेखी पेपर काढतात आणि एसएसबीचं (ऑफिसर निवडणाऱ्या बोर्डाचं) कॉल लेटर हातात पडलं की मग घाबरतात. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर आपल्या गावात, राष्ट्रीय मिलिटरी स्कूल इथंच, सांब्र्याला एअर फोर्सचं ट्रेनिंग, कॅम्पातनं पहाटे गेलं तर जवान पळताना रोज दिसतात, तरी ऑफिसर म्हणून जायचं म्हटलं की "सर ते आपल्याला जमंल काय" असं विचारतात. सगळ्यात जास्त प्रश्न जीटीओच्या, म्हणजे तिथं ग्रुपची परीक्षा घेणाऱ्या ऑफिसरच्या, ग्राउंडवरच्या ऑब्स्टॅकल टास्कचे (अडथळे पार करायच्या कामांचे) असतात. फळकुट, बल्ली (लाकडी वासा), दोर आणि लोड (सोबत न्यायचं ओझं) घेऊन ग्रुपनं पलीकडं जायचं, यात खरं सांगायचं तर आठवी ते दहावीचंच फिजिक्स आहे, पण ते वहीतनं हातात उतरलेलं नसतं. म्हणून हे सगळं एका जागी लिहून ठेवतोय.

प्र. मी कॉमर्सचा आहे, फिजिक्स सुटून तीन वर्षं झाली. माझं नुकसान होणार काय?

नाही. तिथं कोण फॉर्म्युला विचारत नाही. तीन गोष्टी डोक्यात पक्क्या पाहिजेत: टेकूपासनं वजन किती लांब आहे (मोमेंट, म्हणजे वजन गुणिले टेकूपासनंचं अंतर), कुठली वस्तू कशावर घसरते आणि कशावर धरते (घर्षण), आणि आपला गुरुत्वमध्य पायाखालच्या जागेच्या आत आहे का बाहेर गेला. एवढ्या तीनवर जवळजवळ सगळं ग्राउंड चालतं. उलट सायन्सची पोरं कधीकधी डोक्यात आकडेमोड करत उभी राहतात आणि तोवर ग्रुप पुढं गेलेला असतो.

प्र. नेमक्या कुठल्या टास्कमध्ये हे लागतं?

प्रोग्रेसिव्ह ग्रुप टास्क, हाफ ग्रुप टास्क, कमांड टास्क आणि फायनल ग्रुप टास्क. प्रोग्रेसिव्हमध्ये एकामागनं एक चार ऑब्स्टॅकल असतात आणि प्रत्येक आधीच्यापेक्षा अवघड होत जातो. कमांड टास्कमध्ये तुम्ही कमांडर आणि दोघे मदतनीस तुम्ही निवडायचे. स्नेक रेस (सगळ्या ग्रुपनं सापासारखी लांब गुंडाळी घेऊन पळायचं) आणि इंडिव्हिज्युअल ऑब्स्टॅकलमध्येही फिजिक्स आहे, पण ते अंगाचं फिजिक्स, इंडिव्हिज्युअलबद्दल खाली वेगळं लिहिलंय. ग्रुप डिस्कशन, प्लॅनिंग एक्सरसाइज, लेक्चरेट यांचा इथं संबंध नाही.

प्र. रूल आधी सांगा, फिजिक्स नंतर.

बरोबर विचारलंत, कारण रूल विसरून काढलेली आयडिया कितीही भारी असली तरी तिचा उपयोग शून्य. स्टार्ट लाइन ते फिनिश लाइन यामधली जमीन आउट ऑफ बाउंड, माणूस, सामान, लोड काहीच टेकायचं नाही. बाजूनं वळसा घालूनही जमत नाही कारण त्या दोन्ही लाइनी दोन्ही बाजूंना अनंतापर्यंत गेल्यात असं धरायचं. चार फुटांपेक्षा मोठी गॅप उडी मारून पार करायची नाही, तिथं पूल करायचा. दोन कडक वस्तू, म्हणजे फळी आणि बल्ली, एकमेकाला बांधून लांबी वाढवायची नाही. लाल रंगवलेल्या भागाला कुणीच हात लावायचा नाही. बाकीच्या रंगांचा अर्थ तिथं ब्रीफिंगमध्ये सांगतात, तेव्हा कान देऊन ऐका आणि जे सांगतील तेच धरा, कुणीतरी आधी सांगितलेलं घोकून जाऊ नका.

प्र. फळी पलीकडं पोचतच नाही, मग काय करायचं? (हा प्रश्न सगळेच विचारतात)

इथंच कँटिलीव्हर, म्हणजे एकाच बाजूनं धरलेली आणि दुसरीकडं हवेत असलेली फळी, येतो आणि अर्धं ग्राउंड यातच आहे, म्हणून जरा सविस्तर.

फळीचा एक भाग स्ट्रक्चरवर (ग्राउंडवर उभ्या केलेल्या सांगाड्यावर) ठेवायचा, दुसरा भाग पुढं हवेत काढायचा, मागच्या टोकावर कुणीतरी वजन म्हणून बसायचं (हाच काउंटरवेट) आणि एकानं पुढच्या टोकावर जायचं. आता ऊस भरताना घरी बघितलंय की, मागं जास्त भरला की गाडी उलाळ होते, जू वर जातं, बैलाच्या गळ्याला फास बसतो, म्हणून आजोबा ओरडून मोळ्या पुढं सरकवायला लावतात. चाकाचा आस हा टेकू आणि मोळी किती लांब ठेवली त्यावर सगळा खेळ. फळीचं अगदी तसंच.

आकड्यात बघा. समजा फळी ८ फुटी, ३ फूट पुढं काढली, ५ फूट मागं राहिली. पुढच्या टोकावर ६० किलोचा मुलगा गेला तर मोमेंट ६० गुणिले ३ म्हणजे १८०. मागं ६० किलोचाच दुसरा मुलगा टेकूपासनं साडेचार फुटावर बसला तर २७०. आरामात धरतं. तोच मुलगा घाईत टेकूपासनं एकाच फुटावर बसला तर फक्त ६०, आणि पुढचा गेलाच खाली. माणूस तोच, वजन तेच, बसायची जागा चुकली एवढंच. म्हणून "मागं बस" म्हणून ओरडू नका, "एकदम शेवटच्या टोकाला बस" असं सांगा.

आता हीच फळी ५ फूट पुढं काढली आणि ३ फूटच मागं ठेवली तर पुढं ३०० झाले, वर फळीचा स्वतःचा गुरुत्वमध्यही टेकूच्या पुढं गेला म्हणजे तीही पुढच्या बाजूनंच झुकवणार. मागं एकजण शेवटाला बसून १८० होतात, दोघं बसले तर ३६०. म्हणजे दोघं लागणार आणि तेही जेमतेम. साधा नियम लक्षात ठेवा: अर्ध्यापेक्षा कमी फळी बाहेर काढली तर फळीचं वजन तुमच्या बाजूनं, अर्ध्यापेक्षा जास्त काढली तर तुमच्या विरुद्ध.

आणि टेकूची कड. बरीच मुलं मोजताना स्ट्रक्चरच्या मधनं मोजतात, खरा टेकू असतो स्ट्रक्चरची पुढची कड, जिथं फळी शेवटची टेकते तिथं.

प्र. सगळे गेले, मागं धरायला कोणच नाही. शेवटचा माणूस कसा येणार?

हा प्रश्न ज्याला ऑब्स्टॅकल बघताक्षणी पडतो तो मुलगा पुढं जाणार असं मला मनापासनं वाटतं, कारण तो ग्रुपमधल्या सगळ्यात मागच्या माणसाचा विचार करतोय. उत्तरं तीन आहेत.

एक, मागचं टोक दोरानं स्ट्रक्चरला आवळून बांधायचं. मग माणसाच्या वजनाचं काम दोर करतो. यात बांधायला वेळ जातो आणि दोर नंतर सोडवून आणायचा असतो, तर गाठ अशी पाहिजे की शेवटचा माणूस पटकन सोडू शकेल.

दोन, पलीकडं पोचलेल्यांनी तीच फळी आपल्या बाजूला ओढून घ्यायची आणि आता त्यांच्या स्ट्रक्चरवरनं उलटी, मागच्या माणसाच्या दिशेनं हवेत काढायची. काउंटरवेट आता पलीकडं बसलं. हे पोरांना सुचत नाही कारण डोक्यात काउंटरवेट म्हणजे मागंच असं बसलेलं असतं.

तीन, बल्ली फळीपेक्षा लांब असेल तर पलीकडच्यांनी बल्ली मागं सरकवून दोन्हीकडं टेकवायची, मग तो कँटिलीव्हर राहिलाच नाही, साधा पूल झाला, मागं धरायची गरज संपली.

प्र. मी ४५ किलोची आहे. मुलींनी काउंटरवेट व्हायचं का नाही?

व्हायचं की. वरच्याच उदाहरणात ४५ किलोची मुलगी साडेचार फुटावर बसली तर २०२ होतात, पुढचे १८० त्यानं सहज धरतात. आणि पुढं जायचं असेल तर हलकं माणूस आधी पाठवणं हेच शहाणपणाचं, कारण टोकावर ४५ गुणिले ३ म्हणजे फक्त १३५ येतात, फळी कमी वाकते, मागच्यावर ताण कमी. मुलींना एनडीएचं दार २०२१ ला सुप्रीम कोर्टाच्या आदेशानं उघडलं आणि २०२२ ला पहिली तुकडी आत गेली, त्यामुळं खानापूर भागातल्या मुली आता हे प्रश्न विचारायलेत याचा फार आनंद आहे. ताकद कमी आहे म्हणून मागं उभं राहू नका, टेकूपासनं लांब जा, लांबी तुमची ताकद भरून काढते.

प्र. फळी दोन्हीकडं टेकली, तरी मधे गेल्यावर भीती वाटते. मोडते काय?

सहसा नाही, पण वाकते आणि घसरते. माणूस बरोबर मधे असताना सगळ्यात जास्त बाक येतो. त्याच जाडीची फळी दुप्पट अंतरावर टाकली तर तेवढ्याच वजनाला आठपट वाकते, दुप्पट नाही, आठपट. म्हणून दोन टेकूंमधलं अंतर फूटभर जरी कमी करता आलं, म्हणजे फळी तिरकी न टाकता सरळ टाकली, तरी फरक जाणवतो.

वाकली की फळीची टोकं आत ओढली जातात. टोक नुसतं दोन बोटं टेकवलेलं असलं तर इथंच निसटतं. दोन्हीकडं किमान एक वीत तरी आत पाहिजे. एका वेळी एकच माणूस, आणि लोड त्याच्या खांद्यावर न देता दोराला बांधून वेगळा ओढून घ्या किंवा हातोहात सरकवा.

बल्लीवरनं जाताना उभं राहून चालायचा मोह करू नका. घोड्यावर बसतात तसं दोन्ही बाजूला पाय सोडून बसा आणि सरका. गुरुत्वमध्य खाली येतो, तोल जातच नाही. वेळ फार जात नाही, पडलात तर जास्त जातो.

प्र. दोराचा उपयोग फक्त बांधायला?

दोर हे ग्राउंडवरचं सगळ्यात कमी समजलेलं सामान आहे. खांबाला दोराचा वेढा दिला की घर्षण बेरजेनं वाढत नाही, गुणाकारानं वाढतं. लाकूड आणि दोर यांचं घर्षण ०.३ धरलं तर एका पूर्ण वेढ्यानं तुमची पकड साधारण साडेसहापट होते, दोन वेढ्यांनी ४३ पट. म्हणजे हाताशी दीड किलोचा ओढा ठेवला तरी दोन वेढ्यांच्या पलीकडं ६० किलो लटकू शकतं. खरा आकडा दोर कसला, लाकूड गुळगुळीत का खरबरीत यावर आहे, पण गणिताचा स्वभाव हाच. तेव्हा फळीचं टोक धरायला चारजण लोंबकळण्यापेक्षा दोन वेढे मारून एकानं शेपूट धरलं तरी बास, बाकीचे तिघं पुढच्या कामाला मोकळे.

पण याचीच दुसरी बाजू आहे. लोड वर चढवायचा म्हणून मुलं दोर आडव्या बल्लीवरनं टाकतात आणि खालनं ओढतात, त्यांना वाटतं कप्पी झाली. कप्पीचं चाक फिरतं, बल्ली फिरत नाही. बल्लीवर दोराचा अर्धा वेढा बसतो आणि त्याच ०.३ नं २५ किलोचा लोड वर ओढायला जवळजवळ ६४ किलोचा जोर लागतो. तोच लोड त्याच बल्लीवरनं खाली सोडायचा असेल तर १० किलोच्या जोरानं आरामात धरता येतो. थोडक्यात, उतरवताना बल्लीवरनं दोर टाका, चढवताना एकजण वर बसून सरळ ओढा आणि खालनं दुसऱ्यानं हात द्या.

प्र. दोन खांबांमध्ये दोर ताणून त्यावरनं गेलं तर? किती घट्ट बांधायचा?

जमतं, पण फार घट्ट बांधू नका. दोर आडव्यापासनं १० अंश खाली झुकला असेल तर मधे लटकलेल्या ६० किलोच्या माणसासाठी दोरात १७३ किलोचा ताण येतो. ५ अंशच झुकला तर ३४४. ३० अंश झुकू दिला तर फक्त ६०. म्हणजे दोर जेवढा तारेसारखा ताठ, तेवढी गाठ सुटायची शक्यता जास्त, शिवाय तो थोडा तरी सैल पडतोच. दोर आधार म्हणून हाताला धरायला वापरा आणि वजन फळीवर किंवा बल्लीवर ठेवा, हे माझं स्पष्ट मत.

प्र. गाठी किती शिकायच्या?

दोन. बल्लीला आवळायला क्लोव्ह हिच, लोडला न सरकणारा फास द्यायला बोलाइन. घरी खाटेच्या पायावर डोळे मिटून मारता आल्या की झालं. सुरगाठ वजनाखाली सरकते, लोडला ती नको.

प्र. पाऊस असेल तर?

आपल्याकडं जून ते सप्टेंबर खानापूर, जांबोटी बाजूला तांबड्या चिखलात वाढलेल्या पोरांना हे सांगायला नको, तरी सांगतो. तिरकी फळी चढायची तर बुटाची पकड महत्त्वाची. घर्षण ०.४ असेल तर साधारण २२ अंशापर्यंतच पाय टिकतो, ओल्यात ते ०.२ वर आलं तर ११ अंशालाच घसरायला लागतं. म्हणून ओल्या दिवशी फळी कमी उताराची लावा नाहीतर बसून सरकत चढा, आणि बुटाचा चिखल स्टार्ट लाइनच्या अलीकडंच पुसून घ्या. हे साधं काम ग्रुपला आठवण करून दिलं तरी ते लोकांच्या लक्षात राहतं.

प्र. इंडिव्हिज्युअल ऑब्स्टॅकलमध्ये उडीची भीती वाटते.

दहा ऑब्स्टॅकल, तीन मिनिटं, प्रत्येकाला १ ते १० मार्क. भीती कमी करायला आकडा उपयोगी पडतो. दीड मीटरवरनं उडी मारली की जमिनीला लागताना वेग सेकंदाला ५.४ मीटर असतो, साधारण तासाला वीस किलोमीटर. पाय ताठ ठेवून ५ सेंटिमीटरमध्ये थांबलात तर गुडघ्यावर सरासरी वजनाच्या तीसपट जोर येतो. गुडघे मुडपत, खाली बसत ५० सेंटिमीटरमध्ये थांबलात तर फक्त चारपट. उंची तीच. म्हणून चवड्यावर उतरा, गुडघे जुळवून मुडपा, टाचेवर कधीच नाही.

टारझन स्विंगला (दोराला लटकून झुलत पलीकडं जायचं) दोर जमेल तेवढा वरनं धरा. झुलायला लागणारा वेळ वजनावर नसतो, लांबीवर असतो, ४ मीटरच्या दोराला या टोकाकडनं त्या टोकाला जायला साधारण २ सेकंद, मग तुम्ही ५० किलोचे असा नाहीतर ८० चे. ४५ अंशावरनं सुटलात तर सगळ्यात खाली असताना हातावर वजनाच्या दीडपटीपेक्षा थोडा जास्त ताण येतो, ६० किलोच्या मुलाला ९५ किलो. मुलं तिथंच सुटतात. त्या क्षणी पकड आवळा, आणि सोडायचं ते पलीकडच्या टोकाला, जिथं दोर क्षणभर थांबतो. मधेच सोडलं तर वेग पूर्ण असतो आणि तोंडावर पडता.

बॅलन्सिंगच्या बल्लीवर हात पसरा, नजर पायाकडं नको, बल्लीच्या शेवटाला ठेवा. पसरलेल्या हातांमुळं अंग सावकाश झुकतं आणि सावरायला वेळ मिळतो.

प्र. मला आयडिया येते पण ग्रुप ऐकत नाही. सांगू कसं?

याला मी फिजिक्सइतकंच महत्त्व देतो. आपली मराठी मीडियमची मुलं आयडिया डोक्यात ठेवून गप्प उभी राहतात, इंग्रजी चुकेल म्हणून. ग्राउंडवर व्याख्यान द्यायचंच नसतं. आठ-दहाजण एकदम बोलत असतात, तिथं "कँटिलीव्हर प्रिन्सिपल" म्हटलं की कुणाला कळत नाही. फळी उचला, जागेवर ठेवा, स्वतः मागच्या टोकाला बसा आणि एका वाक्यात सांगा: यू गो फर्स्ट, आय विल होल्ड हिअर. हात दाखवा. सोपं इंग्रजी, मधे हिंदी आलं तर आभाळ कोसळत नाही. दुसऱ्याची आयडिया तुमच्यापेक्षा चांगली असली तर लगेच त्याच्या बाजूनं कामाला लागा, त्याच्या फळीवर काउंटरवेट व्हा. तिथं तर्क, पुढाकार, सहकार्य, जबाबदारी, निर्णयाचा वेग असे पंधरा गुण बघतात, त्यातला तर्क एकटा तुम्हाला पास करत नाही. आणि आयडिया चुकीची दिसली तर "हे नाही जमणार" म्हणून थांबू नका, "फळी फूटभर मागं घ्या" असं नेमकं सांगा.

प्र. बेळगावात प्रॅक्टिस कुठं आणि कशानं करायची? क्लास लावायला पैसे नाहीत.

पैशाची गरजच नाही. एक निलगिरीची बल्ली, एक जाड फळी, पंधरा-वीस फूट जाड दोर, एक वाळू भरलेलं पोतं. गावातल्या शाळेचं मैदान, रविवारची सकाळ. दोन बाजूंना भक्कम बाक किंवा रचलेल्या विटा, उंची गुडघ्याच्या वर नको, खाली मऊ माती. जमिनीवर चुन्यानं दोन लाइनी मारा आणि सगळे रूल लावूनच खेळा. पहिल्यांदा फळी किती पुढं काढल्यावर, मागं कोण कुठं बसल्यावर ती उचलते, हे हातानं अनुभवा, प्रत्येकानं एकदा मागच्या टोकाला बसून बघा. त्या बसण्यात जे कळतं ते वहीतनं कळत नाही. फळीला गाठ किंवा चीर असेल तर ती वापरू नका, उसाच्या गाडीचा जुना कासरा दोर म्हणून वापरू नका, आतनं कुजलेला असतो.

आठजण नसतील तर चौघात हाफ ग्रुप टास्क खेळा. चौघंही नसतील तर घरात पट्टी, खोडरबर आणि दोन पुस्तकं घेऊन कँटिलीव्हर करा, पट्टी कुठं उलटते ते बघा, मोजा, लिहा.

प्र. कॉल लेटर आलंय, पंधरा दिवस आहेत. आधी काय करू?

आधी कँटिलीव्हर आणि शेवटच्या माणसाचा प्रश्न, मग दोराचे वेढे, मग दोन गाठी. रोज सकाळी पळणं चालूच ठेवा. सेंटर बेंगळुरू आलं असेल तर राणी चन्नम्मा एक्सप्रेसचं तिकीट आजच काढा, ती गाडी भरते, आणि ग्राउंडसाठी घट्ट सोलचे, वापरून मऊ झालेले बूट घ्या, कोरे नवीन घेऊन जाऊ नका.